रुखवतात मांडलेली पाकिटं

रुखवताच्या टेबलाकडे मी गेलो तो कूलरची वायर कोणाच्या पायात येऊ नये म्हणून, रुखवत बघायला नव्हे. नारळाला नाकडोळे काढून केलेले नवरानवरी आणि शेवयांची झोपडी यांत बघण्यासारखं काय असतं हे मला आजवर कळलेलं नाही. पण वायर सरकवून उभा राहिलो आणि समोर थर्माकोलची बँक दिसली. सोनेरी कागदाचे खांब, वर चमकीच्या अक्षरांत ‘श्रुतिका-पवन डिजिटल बँक’, आणि भिंतीत ओळीने बसवलेले लॉकर. लॉकरांकडे मी आधी नुसतंच पाहिलं. मग एका लॉकरला दोन बटणं दिसली, दुसऱ्याला बारीक काच, तिसऱ्याच्या कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. तो ठिपका भिलाईच्या एका बाईने लावला होता, नवऱ्याचं यंत्र आणि आपलं यंत्र वेगळं ओळखू यावं म्हणून, आणि ते यंत्र गेली काही वर्षं बालाघाटात माझ्या कपाटात, कापसात गुंडाळून ठेवलेलं होतं. आता ते फेविकॉलने थर्माकोलला चिकटवलेलं होतं. एकटं तेच नाही, सगळीच. माझा अख्खा संग्रह माझ्या मुलीच्या रुखवतात भिंत होऊन उभा होता, आणि बाया त्याच्यासमोर उभ्या राहून फोटो काढत होत्या. माझ्या हातात अजून कूलरची वायर होती.

ही यंत्रं म्हणजे काय ते मला आयुष्यात इतक्यांदा सांगावं लागलं आहे की सांगताना आता चीड येते. क्रिप्टो म्हणजे संगणकाच्या जाळ्यातलं चलन. ते कुठल्या पेटीत नसतं, खिशात नसतं. त्याची एक गुप्त किल्ली तेवढी असते आणि ती सांभाळायला लोक पेन ड्राइव्हएवढं हे यंत्र वापरतात. त्याला हार्डवेअर वॉलेट म्हणतात. आमच्या घरात ‘पाकीट’. ते बिघडलं तर किल्ली परत मिळवायला मालकाकडे चोवीस शब्द असतात, ते दुसऱ्या कोणाला सांगायचे नसतात. मालकाने किल्ली पुसली की पाकीट रिकामं झालं, आणि माझ्या लेखी ते पाकीट तिथून पुढेच बघण्यासारखं होतं. मला रिकामीच हवी असत. जुनी, पहिल्या पहिल्या काळातली, काच तडकलेली, बटण बसलेलं, कंपनीने केव्हाच बनवायचं बंद केलेलं. पैशाचा इतिहास म्हटलं की लोक कवड्या आणि राजांची नाणी काढतात, ती सगळी केव्हाच कोणाकोणाच्या ताब्यात गेलेली आहेत. पण माणूस आपला पैसा बँकेच्या हातून काढून स्वतःच्या मुठीत ठेवायला निघाला, तेव्हा त्याची मूठ कशी दिसत होती? ती अशी दिसत होती. हे आपल्या डोळ्यांसमोर घडलं आणि कोणी गोळा करत नव्हतं. मी केलं. मी काही मोठा विद्वान नाही, जिल्हा कोर्टाच्या मालखान्यात बाबू आहे. खटल्यातल्या जप्त वस्तू आमच्याकडे पडून असतात. निकाल लागला की सुरीला कोणी घाबरत नाही आणि सायकलवर कोणाचा हक्क राहत नाही. वस्तू नुसती वस्तू उरते, आणि तेव्हाच ती मला नीट दिसते. एका ठकबाजीच्या खटल्यात असलं पाकीट पहिल्यांदा आलं. ते काय आहे हे वकिलांना सांगता येईना, मला तर मुळीच नाही. ते होतं तिथेच राहिलं. पण मी घरी येऊन वाचायला बसलो, आणि मग नागपूरच्या एका पोराकडून स्वतःसाठी पहिलं घेतलं.

तेव्हापासून मला एकच प्रश्न विचारला जातो. किती हाय त्यात? पोस्टमनने विचारला, शेजाऱ्याने विचारला, कोर्टातल्या शिपायाने विचारला. काही नाही, रिकामं आहे, असं म्हटलं की माणूस डोळा मारतो. एका शाळेत मांडायला नेली होती, पोरांना दाखवावं म्हणून, तर तिथल्या मास्तरांनी मला बाजूला घेऊन आता क्रिप्टो घ्यावं की थांबावं ते विचारलं. कोर्टात तर याहून वाईट. सरकारी माणूस, मालखान्याच्या किल्ल्या हातात आणि घरी असली यंत्रं, म्हणजे वरकमाई कुठे जाते ते उघडच आहे. मी आयुष्यात कोणाचा चहादेखील फुकट प्यायलो नाही. पण मी जितकं खरं सांगतो तितका लोकांचा संशय पक्का होतो, आणि गप्प बसलो तर तोही पुरावा. अशा वेळी माणसाने करायचं काय, हे मला कोणी सांगेल का?

मेहुणी, मंजुषा, मांडवातून लगबगीने आली. कटंगीला असते, बायकोची धाकटी बहीण, आणि आमच्या सगळ्या नात्यात रुखवत करावं तर हिनेच असं तिचं नाव आहे. “कसं झालं जी, भाऊजी? सगळे बँकच पाहून राह्यले.”

“हे काहून लावलं?” मी म्हणालो.

“घरी नुसतं पडून होतं म्हणे. अन् किती घाण होतं जी! एकात तर चक्क माती भरली होती. दात घासाच्या ब्रशनं घासलं मी ते, तवा कुठं चमकलं.”

ती माती हैदराबादची होती. एका माणसाने धाडीच्या भीतीने आपलं पाकीट वर्षभर कुंडीत, शेवंतीच्या मुळाशी पुरून ठेवलं होतं. किल्ली काढून घेतल्यावर त्याने ते मला मातीसकट पाठवलं, कारण मी फोनवर त्याला हात जोडून सांगितलं होतं की पुसू नका. बायकोला ते तेव्हा वेड वाटलं होतं. पण ती माती म्हणजेच त्या माणसाची भीती होती, ती तेवढीच उरली होती, आणि मंजुषाने ती ब्रशने घासून मोरीत सोडली. आणि ते एक पाकीट जे कधी उघडलंच गेलं नव्हतं, पहिल्या वर्षातलं, खोक्यावरची चकाकती सीलपट्टी जशीच्या तशी असलेलं? “खोकं कुठं हाय?” मी विचारलं. “खोक्यात ठेवून कोण दाखवते जी?” ती हसली. “फाडलं अन् फेकलं.” मी तिच्या हसऱ्या, घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. लग्नाच्या धावपळीत मी कपाट उघडलंही नव्हतं. पंधरा दिवस रात्री जागून तिने हे केलं होतं, भाचीवरच्या प्रेमापोटी केलं होतं, आणि मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. प्रेमाने केलेल्या नासाडीला शिक्षा नाही, असा खटला आमच्याकडे येतच नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण आमच्याकडे लग्नात माइकवरून आहेर पुकारतात. कोणी पाण्याची पितळी गुंडी दिली, कोणी कपडे केले, सगळं नावानिशी. बँडवाल्यांचा माइकवाला पाव्हणेरावळे संपवून रुखवताकडे वळला आणि बँकेसमोर येऊन थबकला. मंजुषाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग तो गरजला, “और वधू के पिताजी, आदरणीय घनश्यामजी की ओर से, पूरी की पूरी डिजिटल बँक! क्रिप्टो! जोरदार तालियाँ!” टाळ्या झाल्या. पण त्यांच्या आधी वरपक्षाच्या रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळलेल्या मी पाहिल्या. माझे व्याही प्रेमलालजी, तिरोडीच्या खाणीतून निवृत्त झालेले, फेटा सावरत होते. त्यांचा हात फेट्यावरच राहिला.

आता रुखवत मुलीबरोबर जातं. दुपारी लग्न, चार वाजता पाठवणी, संध्याकाळी ती बँक तिरोडीला त्यांच्या बैठकीत. मग कधीतरी कोणीतरी विचारणार, यात किती आहे? आणि आज नाही तर उद्या, त्यांना कळणार की काही नाही. तेव्हा मी तिथे नसेन. श्रुतिका असेल. तुझ्या बापाने माइकवरून सांगितलं अन् दिलं काय, ठेंगा? हे वाक्य मला ऐकूच येत होतं, स्वयंपाकघरातून, अंगणातून, पाणी भरताना, जेवायला वाढताना. तसाही व्याह्यांबद्दल मी निश्चिंत नव्हतो. श्रुतिका नर्सिंगची परीक्षा पास झाली होती, सरकारी दवाखान्यातली नेमणूक कधीही यायची होती. साखरपुड्याला प्रेमलालजी तिच्या नोकरीला हौ हौ म्हणाले, आणि मग फोनवर म्हणू लागले, पाहू, घरात काय कमी हाय? पवन, माझा जावई, चांगला पोरगा आहे, पण वडिलांसमोर त्याच्या तोंडातून शब्द निघत नाही. अशा घरात ती जात होती, आणि मी तिच्या पदरात आणखी एक कारण बांधून देत होतो. माझा संग्रह गेला तो गेला. पण हे खोटं तिच्यासोबत जाऊ द्यायचं नाही, गाडी निघायच्या आत सांगून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं.

आधी बायकोकडे गेलो. गीता मुहूर्ताच्या तांदळाच्या ताटांत अडकली होती. मी म्हटलं, माइकवर चुकीचं सांगितलं, दुरुस्त करायला लाव. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मीच काही घातपात करायला आलो आहे. “मुलीचं लगन हाय जी. आज तरी तुमचे ते पाकिटं सोडा ना.” तेवढ्यात अंतरपाट धरला गेला आणि मंगलाष्टकं सुरू झाली. मी अक्षता टाकल्या. सगळेच टाकत होते, मी कुठे टाकतो आहे ते मला दिसत नव्हतं. मनात फक्त एक वाक्य घोळत होतं, ती रिकामी आहेत, ती रिकामी आहेत, आणि भटजींच्या प्रत्येक सावधानला ते वाक्य माझ्या छातीवर येऊन आपटत होतं.

जेवणाच्या वेळी मी प्रेमलालजींना गाठलं. व्याह्यांच्या पंगतीत आग्रह करायचा म्हणून त्यांच्या ताटात मीच जिलबी वाढली आणि खाली वाकून म्हणालो, “इवाई, एक सांगाचं होतं. ते माइकवर बोलले ना, ते खरं नाही. त्याच्यात काहीच नाही. जुने हाय, रिकामे हाय. मले नाद हाय जमा कराचा.”

त्यांनी जिलबी मोडली. माझ्याकडे पाहून मंद हसले. “समजलो.”

“नाही, खरंच रिकामे हाय.”

“अहो समजलो म्हणतो ना. तुम्ही सरकारी माणूस. चार लोकांत थोडी बोलाचं असते? त्या माइकवाल्याले अक्कल नाही.” आणि त्यांनी आपणहून माझ्या हातावर हात ठेवला, साखरपुड्यापासून पहिल्यांदा. शेजारी बसलेल्या भावाकडे वळून ते हळूच काहीतरी बोलले, भावाने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मला नमस्कार केला. मला ओरडावंसं वाटत होतं. मालखान्यात नोकरी केल्यावर मला वाटायचं की पुराव्यापुढे माणूस झुकतो. पण पुरावा तरी कुठून आणायचा? नसण्याचा पुरावा काय असतो? सोनं नाही हे दाखवायला डबा उघडता येतो. पाकीट फोडलं तर आत हिरवी पट्टी आणि त्यावर काळे ठिपके, त्यात काय आहे आणि काय नाही हे कोणाला दिसणार?

मग सुचलं. तार लावून एक पाकीट फोनला जोडायचं. रिकामं पाकीट चालू केलं की पडद्यावर स्वागत येतं, नवीन म्हणून सुरुवात करा म्हणतं. प्रेमलालजींच्या डोळ्यांसमोर ते दाखवायचं, एक नाही, दोन, पाच, ते कंटाळेपर्यंत. बँकेची भिंत उपटायची वेळ आली तरी चालेल. तार श्रुतिकाच्या पिशवीत असणार, ती फोनशिवाय राहत नाही. मी नवरीच्या खोलीकडे गेलो. आत तिच्या मैत्रिणी आणि दोन काक्या होत्या, कोणीतरी तिच्या डोक्यातल्या पिना काढत होतं. मी तार मागितली. श्रुतिकाने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “तुम्ही सगळ्या जणी जेवून घ्या न, मले बाबूजींशी बोलाचं हाय.” दार लागल्यावर खोलीत मोगऱ्याचा, घामाचा आणि हेअरस्प्रेचा वास तेवढा राहिला.

“तार काहून पाहिजे?”

मी सांगितलं. घाईघाईने, अर्धंमुर्धं, मंजुषाला शिव्या घालत. म्हणालो, तुझ्या मावशीने वाट लावली, न विचारता माझं कपाट उघडलं.

“मावशीनं नाही उघडलं,” ती म्हणाली. “मी देल्ली चाबी.”

मला वाटलं नीट ऐकलं नाही. ती हातातल्या हिरव्या बांगड्या मागेपुढे सरकवत होती. लहानपणी पार्सल आलं की तीच पहिल्यांदा धावायची. कात्री तीच आणायची, आणि खोकं फाटू नये म्हणून पट्टी कुठून कापायची हे तिला माझ्याइतकं कळायचं. घरात हे कशासाठी आहे हे न सांगता कळलेलं एकच माणूस, आणि ते माझ्याकडे बघत नव्हतं.

“खोकं फेकाचं नाही म्हणून सांगितलं होतं मी तिले. तिनं फेकलं. त्याचं मले वाईट वाटते. बाकी मीच बोल्ली, हे लाव म्हणून. अन् माइकवाल्याले सांगाले बी मीच बोल्ली.”

“काहून?”

“बाबूजी, टेन्शन मत लो. थोडं ऐका.” ती आता माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर एवढा रंग होता की मला तिचे डोळेच तेवढे ओळखीचे वाटले. “मामंजी रोज फोनवर म्हणून राह्यले होते, नोकरी कशाले. माझा ऑर्डर येईल तवा मी त्याहिच्या घरात असन. तुम्ही भांडाले येसान का तिथं? आले तरी कोण ऐकणार हाय? पवन तर काही बोलतच नाही. आता त्याहिले वाटते का माझ्याजवळ काही तरी हाय. वाटू द्या. ज्याच्याजवळ काही हाय त्याले लोक जरा दमानं बोलतात. ऑर्डर येईपर्यंत राहू द्या. पगार सुरू झाला का मंग मीच सांगीन, रिकामे हाय म्हणून. तवा हसतील, हसू दे.”

“हे खोटं हाय, श्रुतिका.”

“मी कुठं काही बोल्ली? तुम्ही बी नाही बोल्ले. तुम्ही तर आयुष्यभर खरंच सांगून राह्यले. कोणी मानलं?”

मी खाटेवर बसलो. खाली जरीची साडी होती, ती तिने माझ्याखालून ओढून घेतली आणि घडी घालायला लागली. मला राग आला होता आणि तो तिच्यावर होता, पण तिने जे सांगितलं त्यात मला कुठे बोट ठेवता येईना. “मले विचारलं असतं तर,” मी म्हणालो. ती म्हणाली, “देल्ले असते का तुम्ही?” उत्तर तिला माहीतच होतं. मुलीसाठी मी भविष्यनिर्वाह निधी काढला, सोनं मोडलं, मांडवाच्या दाराशी उभा राहून दिवसभर हात जोडले. ते सगळे बाप करतात, त्यात जीव अडकलेलं काही द्यावं लागत नाही. ही पाकिटं मात्र मी दिली नसती. हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं, आणि तिला ते आधीपासून माहीत होतं याची मला जास्त लाज वाटली. तिने पिशवीतून तार काढून माझ्यासमोर ठेवली. “घ्या,” म्हणाली. “तुमाले दाखवाचंच असन तर दाखवा. मी अडवत नाही.” तार मी उचलली नाही. ती तिथेच राहिली. मी बाहेर आलो तर जिन्यावरून बायांचा गलका चढत आला आणि कोणीतरी विचारलं, नवरीचे वडील रडत आहेत का? मी म्हटलं, नाही, धूर आहे.

पाठवणीच्या वेळी लग्नाच्या लॉनबाहेर दोन गाड्या लागल्या होत्या. वैनगंगेकडून गरम वारा येत होता, मांडवाच्या झालरी फडफडत होत्या. बँक मंजुषाने चादरीत गुंडाळून मागच्या गाडीच्या टपावर बांधून घेतली, दोरीखाली वर्तमानपत्रं घातली, आणि मग ती गीताच्या गळ्यात पडून मोठ्याने रडायला लागली. पुढच्या गाडीत पवन मागे बसला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना आत्या आणि मामी, आणि श्रुतिकाला त्यांच्यात कोंबायचं चाललं होतं. शालू, मुंडावळ्या, मांडीवर देवाची पेटी. “सरक ना व, नवीन सून हाय म्हून काय हवेत बसनार हाय का?” आत्या म्हणत होती. समोरची सीट प्रेमलालजींसाठी रिकामी होती.

ते माझ्याकडे आले. मिठी मारली, पाठ थोपटली. मग फेटा माझ्या कानाला लागेल इतके जवळ येऊन त्यांनी विचारलं, “इवाई, एक इचारू? आपलंच घर हाय म्हून इचारतो. ते उघडते कसं?”

दिवसभर घोळवलेलं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी गाडीकडे पाहिलं. श्रुतिका अर्धी आत, अर्धी बाहेर, पेटी सांभाळत वाकली होती. तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

“त्याचे शब्द असतात,” मी म्हणालो. “चोवीस. ते एकट्या श्रुतिकाले माहीत हाय. मले बी नाही.”

प्रेमलालजींनी माझे दोन्ही हात धरले, मग गाडीकडे वळून आवाज चढवला, “अरे, सूनबाईले समोर बसवा! मागं गर्मी होते तिले. मी बसतो मागच्या गाडीत.” आत्या बघतच राहिली. श्रुतिका उतरली, शालू सावरत समोर जाऊन बसली, आणि प्रेमलालजींनी तिच्या बाजूचं दार स्वतः, हळूच लावून घेतलं. काचेतून तिने मला पाहिलं. मला वाटलं होतं, ती अशी ऐसपैस बसलेली पाहून मला बरं वाटेल. वाटलं नाही. आयुष्यभर खरं सांगितलं तेव्हा एकानेही विश्वास ठेवला नाही, आणि एक खोटं बोललो तर माणूस दार लावायला धावला, याचा मला भयंकर राग आला. तो कोणावर काढावा ते कळेना, म्हणून मी मागच्या गाडीच्या ड्रायव्हरवर ओरडलो की वरती थर्माकोल आहे, दिसत नाही का, गाडी हळू ने.